बारीक पंक्चर

ताईचं बाळ दोन महिने आधीच आलं आणि आई म्हणाली, "मावशीवर गेलीय. हिला तरी कुठे दम धरवतो?"

मावशी म्हणजे मी. वय सतरा, पंक्चरच्या दुकानात कामाला. नववीत शाळा सोडली असं मी सांगते, आमच्या बाईंचं म्हणणं वेगळं असेल. माझं बूड बाकाला टेकायचं नाही, पाय सारखा हलायचा, आणि कुणी 'पाय हलवू नको' म्हटलं की डोकंच फिरायचं. घरात माझं नाव भिंगरी.

तर चौथ्या दिवशी दुपारी या भिंगरीला सिस्टरने विचारलं, दोन तास न हलता बसशील का.

दुसरं कुणी नव्हतंच. बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून धरायचं होतं. काचेच्या गरम पेटीपेक्षा ती ऊब बरी, असं डॉक्टर सांगून गेले होते. ताईचं ब्लड प्रेशर उतरत नव्हतं, ती वरच्या मजल्यावर पडून, आई तिच्यापाशी. भाऊजी तयार होते, शर्टाची दोन बटणं काढूनही झाली होती, तेवढ्यात शिंकले. तीनदा. सिस्टरने त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग ताईचा वरून निरोप आला, 'आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही.' खोटं आहे. माझी सायकल तिने दोनदा मागितलीय. पण बसले.

आधी नखं कापायला लावली, कोपरापर्यंत तीनदा हात धुवायला लावले. नखांच्या कडेचं काळं जाईना तेव्हा सिस्टर म्हणाली, काम काय करतेस गं? मी म्हटलं, हेच, हात काळे करते.

मग तिने बाळ माझ्या छातीवर ठेवलं. तेराशे ग्रॅम. आमच्या दुकानातला मोठा पाना याहून जड असेल. डोक्यावर टोपी, खाली लंगोट, पायाला वायर, वायर मशीनला. वरून फडकं गुंडाळून दोघींना एकत्र बांधलं. सिस्टरने सांगितलं, ही मुलं मध्येच श्वास घ्यायला विसरतात. मशीन ओरडेल. पायाच्या तळव्याला हलकी टिचकी मारायची आणि मला हाक मारायची.

विसरतात? श्वास म्हणजे काय गृहपाठ आहे?

दहा मिनिटांत सगळी खोली बघून झाली. सहा पेट्या. एकीचं चाक वाकडं बसलेलं. घड्याळाचा सेकंदकाटा सातवर आला की जरा थरथरतो, मग पुढे जातो. माझा उजवा पाय हलायला लागला. तो दाबून धरला तर डावा.

मशीन ओरडलं. मी हात नेला तोवर सिस्टर येऊन म्हणाली, वायर सरकलीय, बाळ छान गुलाबी आहे. नीट करून गेली. परत ओरडलं. परत वायर. चौथ्यांदा तिने आवाजच बंद केला, कारण तिकडे जुळ्यांमधल्या एकाचं सलाईन निघालं होतं. दोन मिनिटांत नवी वायर आणते म्हणाली आणि त्या पेटीवर वाकली.

आमच्याकडे मोठं पंक्चर पाण्यात कळतं. ट्यूब बुडवली की बुडबुडे. बारीक पंक्चर मात्र पाण्यालाही फसवतं. तेव्हा ओठ ओले करायचे, फुगवलेली ट्यूब ओठांजवळ फिरवायची आणि गप्प राहायचं. हवा लागते. मालक म्हणतात, ही पोरगी गप्प असते ती एवढ्याच कामात.

बाळाचं तोंड माझ्या गळ्याच्या हाडाशी होतं. तिच्या लाळेने तिथे ओलं झालं होतं, आणि त्या ओल्यावर तिची हवा लागत होती. बारीक, भरभर, जरा थांबून पुन्हा.

मग लागेना.

मी वाट बघितली. तरी लागेना.

"सिस्टर," मी म्हटलं, आणि फडक्यात हात घालून तळवा शोधला. माझ्या अंगठ्याएवढा. शाळेत माझ्या टिचकीने पोरींचे कान लाल व्हायचे, म्हणून पहिली इतकी हळू मारली की माझी मलाच कळली नाही. मान वाकडी करून बघितलं. तिच्या ओठांभोवती निळसर झालं होतं. दुसरी नीट मारली.

तिने तोंड वेडंवाकडं केलं, व्हॉल्व्ह दाबल्यावर येतो तसला आवाज काढला, आणि माझ्या गळ्याला हवा लागली. परत लागली. मग भांडायला उठल्यासारखी भरभर.

सिस्टर धावत आली. बाळाचा रंग बघितला, वायर बसवली, मशीनचा आवाज चालू केला. मग माझ्याकडे बघितलं.

"आवाज तर बंद होता. तुला कसं कळलं?"

"पंक्चर काढते मी."

तिला ते काही झेपलं नाही. मी समजावत बसले नाही, बोललं की छाती हलते.

डॉक्टर येऊन तपासून गेले. ठीक आहे म्हणाले, हवं तर अजून थोडा वेळ राहू दे. दोन तास कधीच होऊन गेले होते. काचेपलीकडे भाऊजी नाकाला रुमाल लावून उभे होते. सिस्टरने विचारलं, ठेवू का आता पेटीत, दमली असशील. माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

"बसते," मी म्हटलं.

गळ्यावरचं ओलं सुकत आलं होतं. सिस्टरची पाठ फिरल्यावर मी बोट जिभेला लावलं आणि ती जागा परत ओली केली.