सत्यशीलाताईंचं सुतक

सकाळी चहा पिता पिता गिरिधरनं पेपर उलटला आणि म्हणाला, "टीव्हीवरची कोणी सत्यशीला म्हणून बाई गेली. पोरांना चित्रं शिकवायची म्हणे. आपण तं कधी नाव ऐकलं न्हाई." मग डबा उचलून त्यानं ऑफिस गाठलं. बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचं त्याला लग्नापासून सुचलं नव्हतं, आज कुठून सुचणार?

त्याची बायको प्रेमला दारातच बसून राहिली. ती आठ वर्षांची असताना बदनापूरला तिची आई गेली. त्या काळात टीव्ही मोजक्या घरी. वडील ड्यूटीवरून येईपर्यंत ती शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसायची. आठवड्यातून एकदा सत्यशीलाताई यायच्या. रेघ चुकली तर खोडू नका, तिचंच काहीतरी करा, असं सांगायच्या. शेवटी थेट समोर बघून म्हणायच्या, "दाखवा बरं, काय काढलंत?" प्रेमला आपला कागद टीव्हीच्या काचेसमोर धरायची. "वा, सुरेख!" ताई म्हणायच्या. शेजारची पोरं हसून लोटपोट व्हायची. हसेनात का! आई गेल्यावर तिला सुरेख म्हणणारं दुसरं होतं कोण?

आता जुन्या जालन्याच्या या गल्लीत तिच्या रांगोळीचं नाव होतं. ठिपके न घालता ती मोर काढायची, बैल काढायची, एकदा तर दारात अख्खी मालगाडी काढली होती. बायका थांबून बघायच्या. हे तुला शिकवलं कोणी, असं मात्र एकीनंही कधी विचारलं नव्हतं.

आज तिनं अंगण झाडलं आणि रांगोळीचा डबा तसाच ठेवून दिला. घरातलं माणूस गेलं की दारात रांगोळी काढत नाहीत. ताई घरातल्या नव्हत्या, हे तिलाही कळत होतं. पण हातच पुढे होईना.

गल्लीच्या नजरेतून काय सुटतं? दुपारी समोरच्या गोजरबाई पिठलं-भाकरी झाकून घेऊन आल्या. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच बघायचं असतं.

"कोण गेलं गं पोरी?"

"ताई."

गोजरबाईंनी तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरला तशी प्रेमला हमसून हमसून रडायला लागली. गप्प बसली असती तर निभावून गेलं असतं. पण खोट्या नात्यावर कोणाची भाकरी खाणं तिच्यानं होईना.

"सख्खी न्हाई, मावशी. टीव्हीवरच्या ताई. चित्रं शिकवायच्या."

गोजरबाईंचा हात पाठीवर तसाच थांबला. "टीव्हीवरची? कधी भेटल्ती का तू तिला?"

"न्हाई."

"अगं बाई! तिला तं तू ठाऊक बी न्हाई. मंग एवढी रडून राह्यली कशापायी?"

"म्हणूनच," प्रेमला म्हणाली.