भिजलेल्या फरशीवरचं पीठ

पाववाल्याच्या मुलाचं लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट.

पाववाला यहुदी. वल्हांडणाचा सण आला की त्याची भट्टी थंड व्हायची, कारण त्या दिवसांत घरात फुगलेलं काही राहता कामा नये. पूर्वज गुलामीतून निसटले तेव्हा कणीक फुगेपर्यंत थांबायला सवड नव्हती. चपटी भाकर भाजून ते चालू लागले. त्याची आठवण म्हणून बेखमीर भाकर खायची. पाववाला दरवर्षी आपलं जुनं खमीर स्वतःच्या हातानं जाळायचा आणि सण सरल्यावर पीठपाण्यातून नवं धरायचा. नव्या खमिराच्या अंगात जोर कुठला? सुरुवातीचे पाव दगडासारखे निघायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "एक वीट द्या हो, भिंत घालतोय."

पण सून आली त्या वर्षी सणानंतरचा पहिलाच पाव टम्म फुगला. मुलगा खूश, गिऱ्हाईक खूश. पाववाल्याच्या मनात मात्र पाल चुकचुकली. जाळलेलं खमीर जिवंत झालं कसं? म्हणजे सणाच्या दिवसांत ते घरातच कुठंतरी दडवलेलं होतं! बायको जन्माची पारखलेली. मुलाच्या पोटात तर तीळ भिजत नव्हता. उरलं कोण? वर्षभर तो सुनेशी गोड बोलला आणि मनात ठरवून बसला: यंदा सापडली, की सण उरकताच माहेरी पाठवायची. मुलगा तिच्यामागं गेला तर गेला.

सणाच्या आदल्या दिवशी बायका घर धुऊन मागच्या अंगणात टेकल्या होत्या. पाववाल्यानं कोठीतलं मूठभर पीठ घेतलं आणि मागच्या दाराच्या बोळात भुरभुरलं. त्या दारातून कोण कुठं जातं ते पावलं सांगतील, असा त्याचा हिशेब. बोळाची फरशी अजून ओली आहे हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

दिवेलागणीला खमिरासाठी घर धुंडाळायची वेळ झाली. हातात मेणबत्ती आणि पीस घेऊन कोपरान् कोपरा पाहायचा, कण सापडला तर पिसानं लाकडी चमच्यात ओढायचा, असा रिवाज. पाववाल्याची म्हातारी बोळात शिरली आणि किंचाळली, "अगं बाई! इथं पीठ कुणी सांडलं? भिजून चिकट झालंय! हे रात्रभर राहिलं असतं तर आपणच खमीर धरलं असतं घरात!"

पाववाला खमिराचा चोर धरायला निघाला होता, आणि खमीर त्यानंच मांडून ठेवलं होतं! पिठात पावलं होती, सुनेचीच. शेजारच्या घड्याळजीच्या दाराकडं गेलेली.

"माझ्याच हातून सांडलं असेल, आई," सून म्हणाली आणि खाली बसून तिनं ते खरवडून काढलं.

तो मनातून चरकला. न केलेला गुन्हा ही अंगावर का घेते? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आणि घड्याळजीकडं हिचं काय काम? भट्टीच्या धुरानं घड्याळं काळवंडतात, यावरून त्या माणसाशी त्याचं बोलणं कधीचंच तुटलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खमीर जाळलं. संध्याकाळी चौघं ताटाभोवती बसली. सणाचे प्रश्न घरातल्या सर्वांत धाकट्यानं विचारायचे. घरात मूल नव्हतं, म्हणून सूनच विचारायची.

"आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?"

'ते तूच सांग,' तो मनात म्हणाला. मिठाचं पाणी म्हणजे गुलामांची आसवं, कडू पाला म्हणजे त्यांचे हाल, खजुराचं कालवण म्हणजे विटा थापायचा चिखल; सगळं त्यानं पाठ म्हटलं, पण डोळा सुनेवर. जेवण आटोपल्यावर, त्या रात्री घरोघरी येतो म्हणतात त्या संदेष्ट्यासाठी पेला भरला. त्यानं यावं म्हणून दार उघडायला सून उठली. पाववाल्याला वाटलं, जरा जास्तच घाईनं उठली.

दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर घड्याळजी उभा. कोपरापर्यंत पिठात माखलेला.

"सूनबाई, मडकं उतू चाललंय! माझ्या चिमट्यांच्या पेट्या बुडाल्या. आता काय करू?"

मग पाववाला पुटपुटला, "खमीर कुणाचं?"

"माझं. हिनं गेल्या वर्षीही जाळण्याआधी त्यातलं थोडं काढून कायमचं देऊन टाकलं होतं. म्हणाली, खा, विका, फेका, आम्ही मागणार नाही. सण झाल्यावर मीच म्हटलं, बाई, घेऊन जा, माझ्या घरात याचा वास मारतो."

"आमच्या माहेरी असंच परधर्मी शेजाऱ्याला देतात, मामंजी," सून म्हणाली. "दिलं की ते आपलं नसतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही यांचं नाव काढू देता का घरात?"

"आणि ते पीठ? तू सांडलंस म्हणालीस!"

"मी नाही सांडलं. मग उरलं कोण? सणाच्या तोंडावर तुम्हाला आईंच्या तावडीत देऊ?"

म्हातारीनं नवऱ्याकडं पाहिलं. "अहो! तुम्ही?"

पाववाल्यानं खाली मान घालून कडू पाल्याची आणखी एक काडी चघळली. तरी खोड जाईना. घड्याळजीकडं वळून म्हणाला, "आणि सणानंतर दिलंच नाहीस तर?"

"तर विटा विका!"

मुलाला हसू आवरेना. पाववाला उठला, त्यानं खुर्ची पुढं ओढली. "बस. पण आधी बाहेर हात धुऊन ये, कपडे झटक. एक कण आत आला तर बघ."

सून माहेरी गेली नाही. सण सरल्यावर पहिली कणीक पाववाल्यानं तिलाच मळायला दिली आणि मळून होईपर्यंत शेजारी उभं राहून पाहिली.

पाववाला पुढच्या वर्षी वारला, सणाच्या आठवडाभर आधी, मंगळवारी सकाळी, भट्टी पेटलेली असताना.