खरखर

चांगुणानं स्वतःच्या गळ्याचा एक्स-रे पत्र्याच्या पेटीतून काढला आणि कात्रीसकट मल्हारीपुढं ठेवला.

"हा?" मल्हारी दचकला. "नको, नको. अकबरभाईकडं फोटोच्या जुन्या निगेटिव्ह असतील. त्या आणतो."

चांगुणानं ओठ हलवले. आवाज नव्हताच. दीड वर्षापूर्वी मुंबईच्या दवाखान्यात गळ्यातली गाठ काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. तेव्हापासून ती मानेच्या खालच्या छिद्रातून श्वास घेई. त्यावर मलमलीचा पांढरा रुमाल बांधलेला असे. तिचे ओठ वाचायला मल्हारी आता सरावला होता.

'मला काय उपेग त्याचा,' ती म्हणाली. 'कापा.'

मल्हारीनं कापला. काळ्या फिल्मच्या बोटाएवढ्या पट्ट्या केल्या आणि समोर उघड्या पडलेल्या स्पीकरच्या मधोमध, लोहचुंबकाच्या बारीक फटीत एकेक करून सरकवल्या. त्या फटीत तारेची कॉइल असते. कागदी कोन चिकटवताना ती जराशी जरी कलली, तरी चुंबकाला घासते आणि स्पीकर जन्मभर खरखरतो, असं रेडिओ दुरुस्तीवाल्या अकबरभाईनं बजावलं होतं. पट्ट्यांनी कॉइल मधोमध धरून ठेवायची, सरस वाळला की पट्ट्या ओढून काढायच्या.

चांगुणा तेवढं बघून मागच्या दारी भांडी घासायला गेली.

मल्हारी नाशिकरोडच्या पोस्टात सॉर्टर होता. पत्ते वाचायचे आणि पत्रं गावागावांच्या खणांत टाकायची, यात त्याची वीस-बावीस वर्षं गेली होती. बॅटरीचे सेल बदलण्यापलीकडं विजेच्या कशाला त्यानं कधी हात लावला नव्हता. घरातलं नाव चांगुणाचं होतं. 'चांगुणाबाई आणि पार्टी' म्हटलं की नाशिक, मनमाड, येवल्यापर्यंतच्या वस्त्यांत लोक ओळखायचे. जयंतीच्या महिन्यात तिला घरी झोप मिळायची नाही. मल्हारी मागं हार्मोनियमची पेटी घेऊन जायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत स्टेजच्या खाली उभा राहायचा. लोक त्याला 'चांगुणाबाईंचे मिस्टर' म्हणायचे. त्याला ते आवडायचं.

आता तिच्या गाण्याची एकच कॅसेट उरली होती. एक्क्याऐंशीच्या जयंतीची, गाठ कळायच्या आधीची. अकबरभाईचा भाऊ लियाकत तेव्हा कुवेतहून सुट्टीवर आला होता. त्यानं तिकडून आणलेला मोठा टेपरेकॉर्डर स्टेजवर ठेवून सगळा कार्यक्रम उतरवून घेतला होता. पण मल्हारीच्या घरच्या टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट लावली की बाई डब्यात बसून गातेय असं वाटायचं. खालचा सूर नाही, वरचा सूर नाही, नुसते शब्द.

देवळाली कॅम्पातला एक जुना बंगला रिकामा झाला, तेव्हा तिथलं सामान नाशिकच्या द्वारका चौकातल्या भंगारवाल्याकडं आलं. त्यात दोन भलेमोठे विलायती स्पीकर होते. एका पेटीला वाळवी लागलेली, दुसरीचं लाकूड उललेलं, आणि दोन्ही कोनांच्या कडा बोट लावलं की भुगा व्हायच्या. शेजारीच अकबरभाईचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यानंच मल्हारीला हाक मारली होती.

"मल्हारीभाऊ, चुंबक बघा. आजकाल असला माल बनत नाही. पेट्या फेका, स्पीकर ठेवा, नव्या पेट्या बनवा."

"मला जमंल?"

"नाही जमलं तर काय, लाकूड चुलीत जाईल."

तर ते लाकूड खरंच चुलीत गेलं. जुन्या पेट्या खोलीत मावत नव्हत्या म्हणून मल्हारीनं खोक्याच्या फळ्यांच्या लहान पेट्या केल्या. त्या स्पीकरबरोबर स्वतःच थरथरायच्या, आणि ढोलकी हंड्यात बडवल्यासारखी ऐकू यायची. मग जाड प्लायवूड आणलं. आतून जुन्या गादीचा कापूस लावला. बारीक सुरांसाठी वर वेगळे लहान स्पीकर बसवले, ते दोनदा उलटे जोडले. कोनाची कडा टॅक्सीवाले काच पुसायला वापरतात त्या मऊ कातड्याची केली. रविवार आला की सकाळपासून तो जमिनीवर बसलेला असायचा. अंगावर भुसा, हाताला सरस.

चांगुणा त्याला आड येत नव्हती. पण कॅसेट लागली की ती उठायची. नळावर जायची, नाहीतर शेजारी भागीबाईकडं. भागीबाई तिच्या पार्टीत मागं सूर धरायची. एकदा मल्हारीनं तिला अडवलं.

"बस ना गं जरा. तुझाच आवाज हाय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. 'मी हितं बसलेय की,' ती म्हणाली, आणि बादली उचलून गेली.

त्याला ते समजलं नाही. पेटी नीट झाली, की ती बसेल, असं त्यानं धरलं.

एक्स-रेच्या पट्ट्या निघाल्या. कोन हातानं दाबून पाहिला तर लोण्यातून सरकावा तसा आतबाहेर झाला. मल्हारीनं अकबरभाईनं जुळवून दिलेला अँप्लिफायर जोडला, कॅसेट टाकली आणि भिंतीला टेकून बसला.

आधी माणसांचा गलका आला. एवढा मोठा, की त्यानं दाराकडं पाहिलं. मग ढोलकी, हार्मोनियम, आणि मग चांगुणा. खोलीच्या मधोमध उभी राहून गावं तशी. 'ओंजळ भरली गं, तळं माझं झालं', हे पार्टीचं ठरलेलं गाणं. चवदार तळ्यावर पहिल्यांदा पाणी प्यालेल्या एका म्हातारीचं. मल्हारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ओळ सुरू करायच्या आधी ती श्वास घ्यायची तोसुद्धा ऐकू येत होता.

दुसऱ्या कडव्यानंतर 'तळं' या शब्दावर ती वर गेली, आणि स्पीकर खरखरला.

मल्हारीनं कॅसेट मागं घेतली. पुन्हा 'तळं', पुन्हा खरखर. वाळूवर पाय घासावा तशी, बारीक. कॉइल घासतेय, त्यानं ठरवलं. स्पीकर उतरवला, कोन सोडवला, उरलेल्या पट्ट्या घालून पुन्हा बसवला. पुढच्या रविवारी लावला. खरखर तिथंच. मग त्यानं डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं केला. नवीन तारा ओढल्या. कापूस काढला, पुन्हा भरला. खरखर काही जाईना, आणि जसजशी पेटी सुधारत गेली तसतशी ती जास्तच स्वच्छ ऐकू यायला लागली.

शेवटी तो कॅसेट आणि एक पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून द्वारकेला गेला. अकबरभाईनं आधी आपली एक कव्वालीची कॅसेट लावली. मग सतारीची. दोन्ही कशा धुतल्यासारख्या.

"पेटी तर एकदम फर्स्ट क्लास झाली, मल्हारीभाऊ."

"आता ही लावा."

अकबरभाईनं चांगुणाची कॅसेट लावली. 'तळं' आलं. त्यानं हात पुढं केला, कॅसेट मागं घेतली, पुन्हा ऐकली. मग बंद केली आणि चिमट्यानं टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागला.

"काय झालं?"

"काही नाही. टेप घासली असेल. जुनी आहे. ट्रेबल कमी करून ऐका, नाही येणार."

"टेप घासली तर फक्त तिथंच कशी घासंल?"

अकबरभाई मान वर करेना. "दोन्ही पेट्यांमध्ये एकाच जागी येतंय ना? कॉइल असं नाही करत, भाऊ," तो हळू म्हणाला. "चहा घ्या."

मल्हारीनं चहा घेतला नाही. द्वारकेपासून घरापर्यंत तो सायकल हातात धरून चालत गेला. ट्रकवाले हॉर्न देत राहिले.

घरी चांगुणा मेथी निवडत होती. त्यानं पेटी जागेवर ठेवली, तारा जोडल्या आणि कॅसेट लावली. ती उठायला लागली.

"बस," तो म्हणाला. असं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. ती बसली.

'तळं' आल्यावर त्यानं टेप थांबवली. "हे काय हाय?"

चांगुणानं मेथीची जुडी खाली ठेवली. 'माझा गळा,' ती म्हणाली.

"तेव्हाच व्हतं?"

'संक्रांतीपासनं दुखत व्हता. एकदा रक्त बी आलं.'

"आन् मला सांगितलं नाय?"

'गाऊ दिलं नसतं तुम्ही.'

"नसतंच दिलं!" मल्हारी ओरडला. शेजारचं दार उघडल्याचा आवाज झाला. "तवाच दाखवलं असतं तर गळा वाचला असता. दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाला, आठवतंय ना? उशीर केला म्हणाला. मी त्या डॉक्टरशी भांडलो. आम्ही आलो की लगेच, म्हणालो. एका कार्यक्रमासाठी? जीव गेला असता तर?"

चांगुणा त्याच्याकडं बघत होती. त्याला दिसावं म्हणून तिनं एकेक शब्द सावकाश म्हटला.

'त्या दिवशी गेला असता, तर चाललं असतं.'

मल्हारी बाहेर पडला आणि वस्तीच्या टोकाला असलेल्या विहाराच्या पायरीवर जाऊन बसला. त्या जयंतीला मैदान किती भरलं होतं ते त्याला आठवत होतं. लोक झाडांवर बसले होते. गाणं संपल्यावर चांगुणा खाली उतरली आणि घामानं भिजलेला हात तिनं त्याच्या हातात दिला होता. हात थरथरत होता. तो आनंदानं थरथरतोय असं त्याला वाटलं होतं. आता वाटलं, आनंद आणि दुखणं, दोन्ही असेल. आपण तिच्याइतके कशासाठी तरी कधी थरथरलो का, ते त्याला आठवेना.

ऊन उतरल्यावर तो परत आला तेव्हा घरातून तिचा आवाज येत होता. कॅसेट तिनंच लावली होती. ती पेट्यांपुढं मांडी घालून बसली होती, मान थोडी कलती, पूर्वी साथीदारांची सुरावट ऐकताना असायची तशी. त्याला पाहून तिनं बोटानं जवळ बोलावलं.

'ढोलकी दाबतेय,' ती म्हणाली. 'माझ्यावर चढतेय. अन् बारीक स्पीकर लय वर लावलाय. आवाज डोक्यावरनं जातोय.'

"खाली घेऊ?"

'घ्या.'

त्यानंतरचा पावसाळा आणि हिवाळा त्या दोघांनी त्या पेट्यांवर घालवला. मल्हारी कापायचा, चिकटवायचा. चांगुणा ऐकायची. तिला कॉइल, कंडेन्सर काही कळत नव्हतं, पण कुठला सूर खोटा आहे ते कळत होतं. 'पेटीला सर्दी झालीय,' ती म्हणायची, आणि मल्हारी कापूस कमी करायचा. खालचा भाग फुगतोय म्हणाली म्हणून त्यानं एक पेटी सबंध मोडून जास्त उंच केली. भागीबाई दारात बसून रडायची आणि चांगुणा तिच्याकडं बघून हसायची. त्या खरखरीचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. 'तळं' आलं की मल्हारी खाली बघायचा.

थंडीच्या शेवटी तिच्या मानेला पुन्हा गाठ आली. या वेळी मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावच काढलं नाही. तिला पाणी गिळवेना. मग ओठही नीट हलेनात, आणि मल्हारी तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत बसायचा. एका सकाळी तिनं काहीतरी म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा म्हटलं. त्याला कळलं नाही. तिसऱ्यांदा तिनं नुसता त्याचा हात थोपटला, राहू द्या अशासारखा. दुपारी ती गेली.

ती काय म्हणाली असेल, यावर त्यानं पुढं खूप विचार केला. पाणी म्हणाली असेल, भागी म्हणाली असेल. काहीही असेल.

जयंती महिन्यावर आली होती. मंडळाची माणसं आली आणि एकानं विचारलं, की बाईंची कॅसेट विहारात लावली तर चालेल का. मल्हारीनं पेट्या त्यांच्या हवाली केल्या. आता भागीबाईनं सांभाळलेली पार्टी तिथंच तालमी करायची, तर कायमच्याच ठेवा म्हणाला. लावताना मंडळातला एकजण म्हणाला, "काका, मधी जरा खरखर येतेय, बटन फिरवून कमी करू?"

"नको," मल्हारी म्हणाला. "ती बाईचीच हाय."

पंधरा दिवसांची रजा संपली. मल्हारी पोस्टात जायला लागला. तिथं बोलायची गरज नसते. पत्ते वाचायचे, खणांत टाकायचे. घरी तर कोणीच नव्हतं.

एकदा सकाळी तो दूध केंद्रावर रांगेत उभा होता. त्याची पाळी आली. केंद्रावरच्या मोतीरामनं कपाळाला आठ्या घातल्या.

"काय?"

मल्हारीनं पुन्हा सांगितलं.

"अहो काका, किती देऊ?" मोतीराम पुढं वाकला. "नुसते ओठ हलवताय. आवाज काढा की."

मागची माणसं बघायला लागली. मल्हारीनं हात गळ्याकडं नेला. घसा खाकरला, एकदा, दोनदा.

"अर्धा लिटर," तो म्हणाला.