उणं दाखवणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. जबलपूरच्या गणपतरावांच्या विलायती मोटारीत, स्टिअरिंगमागे काचेआड बसतो. बॅटरी भरत असली की अधिककडे झुकायचं, रिकामी होत असली की उण्याकडे, एवढंच माझं काम. उणं दाखवलं की लोक तोंड वाकडं करतात. करोत बापडे!

एकाहत्तर साली लढाई तोंडावर आली होती. गणपतराव लष्करी ट्रकच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करायचे. त्या ट्रकांत बॅटरीची उणे तार सांगाड्याला जोडत. आमच्या मोटारीत मात्र अधिक तार सांगाड्याला, ही जुनी विलायती रीत. नवी बॅटरी बसवताना दमलेल्या गणपतरावांचा हात सवयीनं ट्रकासारखाच चालला. बॅटरीचा अधिक खुंट जाड, उणे बारीक; तारा उलट्या लागल्यानं एक टोक सैल बसलं, तर त्यांनी त्यात पत्र्याची पट्टी कोंबली!

दुसऱ्याच दिवशी सिहोऱ्याला जायचं होतं. गणपतरावांच्या पत्नी इंदूताईंचा धाकटा भाऊ विष्णू फौजेत होता. सुट्टी रद्द झाल्यानं त्याची भाऊबीज हुकली होती. सरहद्दीकडे निघालेली त्याची आगगाडी दुपारी सिहोऱ्याला थांबणार, असा निरोप होता. इंदूताई ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन बसल्या.

उलट्या तारांनी माझीही दिशा उलटली होती. डायनमो बॅटरी भरेना, ती रिकामी होत चालली, आणि मी आपला अधिककडे!

"पाह्य इंदू, काटा कसा मस्त चालून राहिला," गणपतराव म्हणाले. इतकं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोसलपूरच्या अलीकडे मोटार बंद पडली. इंदूताई मागून आलेल्या बसनं पुढे गेल्या. गणपतरावांनी इंजिन बंद असताना दिवे लावून पाहिले. दिवे मिणमिणले, मी अधिककडेच सरकलो. दिवे बॅटरी खाताहेत आणि काटा अधिककडे? त्यांनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी इंदूताई परतल्या. निरांजनातली फुलवात पांढरीच होती. आगगाडी निघून गेली होती.

"माझ्याच हातानं तारा उलट्या लागल्या, इंदू," गणपतराव म्हणाले. लढाई संपून विष्णूची खुशाली कळेपर्यंत घरात कुणाला घास गोड लागला नाही.

पुढच्या भाऊबीजेला विष्णूला आणायला स्टेशनवर निघताना इंदूताई म्हणाल्या, "अहो, आधी दिवे लावून दाखवा."

मी उण्याकडे झुकलो. त्या हसल्या.

मित्रांनो, आता मला फारसं कुणी विचारत नाही. पण कधी जुनी मोटार काढलीत, तर इंजिन सुरू करण्याआधी दिवे लावा नि माझ्याकडे बघा. मी उणं दाखवलं तर रागावू नका, खुशाल निघा. फलाटावर कुणीतरी तुमची वाट बघत असेल.