खिळ्यावरची नऊ वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. साधीसुधी नव्हे, दोन मुठींची. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा आणि मधे मी. माझे दात पाहून दचकू नका. माझ्या गोष्टीत एका माणसाची दोन बोटं जाणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवते की ती मी कापलेली नाहीत. आजवर लाकडाशिवाय मी कशालाही तोंड लावलेलं नाही.

एका लोहाराने मला घडवलं आणि एका सुताराने घरी आणलं. सुताराला दोन मुलगे. थोरला विशीचा होता, धाकटा जेमतेम बारा वर्षांचा. बापाने दोघांना माझ्या दोन टोकांना उभं केलं आणि सांगितलं, "नुसतं ओढायचं. ढकलायचं नाही. समोरच्याची पाळी आली की हात सैल करायचा, पण मूठ सोडायची नाही." धाकटा ऐकतोय कसला? तो ढकलायचाच. मग माझं पातं वाकायचं, मी लाकडात अडकायचे आणि थोरला हसून म्हणायचा, "अरे, मला येऊ दे की जरा. तुझं लाकूड कुणी पळवत नाही."

पुढे बाप गेला आणि कारखाना दोघा भावांचा झाला. ते माझ्या वैभवाचे दिवस होते. गावातले निम्मे दरवाजे माझ्या दातांखालून गेले आहेत. आम्ही चालू लागलो की रस्त्याने जाणारे घटकाभर थांबून बघत. थोरल्याचं लग्न झालं आणि वहिनी आली. तिची जीभ माझ्या दातांहून धारदार, पण मन लोण्याचं. धाकट्याला ती रागवायची, आणि गरम पोळी पहिल्यांदा त्याच्याच ताटात पडायची. रोज संध्याकाळी कारखान्याला लागूनच असलेल्या खोलीत तिघं प्रभूची प्रार्थना म्हणत. मला शब्द न् शब्द ऐकू यायचा.

मग तो दिवस आला. एक जाडजूड ओंडका आम्ही चिरत होतो. ओंडका घरंगळू नये म्हणून त्याच्या बुडाशी पाचर ठोकतात. ते काम धाकट्याचं होतं. त्याला बाहेर जायची घाई होती.

"पाचर ठोकलीस ना?" थोरल्याने विचारलं.

"ठोकली, ठोकली. चल, सुरू कर."

पाचर शेजारी भुशात पडून होती. मला ती दिसत होती, पण बोलणार कशी? निम्मं चिरून झालं, रेघ बघायला थोरला वाकला, त्याने एक हात खाली टेकवला आणि ओंडका फिरला. त्याखाली चिरडून उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मित्रांनो, चूक कुणाच्याही हातून होते. थोरल्याने ती पोटात घातलीही असती. पण, वहिनीच्या बोलण्यातून मला नंतर कळलं, दवाखान्यात माणसं जमली आणि कुणीतरी विचारलं, "पाचर कुणी बघितली नव्हती का?" धाकटा घाबरला. म्हणाला, "दादानंच काढली. माझं लक्ष नव्हतं." थोरला खाटेवर डोळे मिटून पडला होता. लोकांना वाटलं, त्याला झोप लागली आहे. झोप कसली लागते?

ते एक वाक्य गावभर फिरलं. "मिस्त्रीचं आता कामात ध्यान नसतं," असं लोक म्हणू लागले. चर्चसाठी नवे बाक करायचं काम थोरल्याला मिळणार होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. दर रविवारी तो त्या दुसऱ्याच्या डुगडुगणाऱ्या बाकावर मुकाट्याने बसू लागला. खरं काय ते त्याने वहिनीशिवाय कुणाला सांगितलं नाही. धाकट्याला शरमेने त्याच्याकडे बघवेना. त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं दुकान काढलं. आणि मला थोरल्याने खिळ्याला टांगलं.

नऊ वर्षं मी तिथे लटकत होते. अर्धा चिरलेला ओंडका अंगणात तसाच पडून होता. थोरला उरलेल्या बोटांनी लहान आरीवर स्टुलं आणि फळ्या करायचा. माझ्यावर गंज चढला, एका मुठीत कोळ्याने संसार थाटला. मला फार वाईट वाटायचं. स्वतःपेक्षा त्याच्यासाठी जास्त. कारण रोज संध्याकाळी प्रार्थना चालायची, आणि ‘आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा केली आहे’ या ओळीपाशी आलं की थोरल्याचा आवाज बंद व्हायचा. वहिनी ती ओळ मुद्दाम मोठ्याने म्हणून टाकायची. पुढच्या ओळीला तो पुन्हा सामील व्हायचा.

एका संध्याकाळी त्या ओळीला दोघंही गप्प झाले. भिंतीपलीकडे एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"आज तू का थांबलीस?" थोरल्याने विचारलं.

"तुमच्या वाटचं नऊ वर्षं मीच म्हणतेय. देवाला काय आवाज ओळखू येत नाही?"

"त्यानं एकदा तरी यायला हवं होतं. चुकलो म्हणायला हवं होतं."

"हवं होतं. मी कुठं नाही म्हणते? पण प्रभू वधस्तंभावर होता तेव्हा खाली कोण चुकलो म्हणत होतं? तरी त्यानं त्यांच्यासाठी क्षमा मागितलीच ना? ते आधी येतील, मगच क्षमा करीन असं त्यानं म्हटलं असतं, तर आपण दोघं कुठं असतो, सांगा बघू."

थोरला उठून कारखान्यात आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मग त्याने मला खाली काढलं.

आठवडाभर तो कानस घेऊन बसला होता. एकेक दात घासायचा. कधी मधेच कानस थांबायची. मला कळायचं की तो पुन्हा दवाखान्यातल्या त्या खाटेवर जाऊन पोहोचला आहे. मग पुटपुटायचा, "प्रभू, मला जमत नाहीये. तूच बघ," आणि पुढचा दात घ्यायचा.

शनिवारी मला खांद्यावर टाकून तो भर रस्त्याने निघाला. धाकट्याने दुकानाच्या दारात भावाला बघितलं, मला बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"दादा, करवत कशाला आणलीस?"

"अंगणातला ओंडका अर्धाच राहिलाय. एकट्यानं होत नाही."

धाकटा खाली बघू लागला. "दादा, ती पाचर..."

"मला माहीत आहे. पाचर तू ठोकली नव्हतीस, आणि वर खोटंही बोललास. लागलं मला. बोटांपेक्षा ते जास्त लागलं." थोरल्याने मला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "पण मी तुला क्षमा केलीय. आज सकाळी केली. उद्या परत करावी लागेल असं दिसतंय, पण आजची झाली. चल."

धाकटा तिथेच फळ्यांच्या ढिगावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडले असते, पण पाण्याने मला गंज चढतो.

दुपारी आम्ही ओंडक्यापाशी उभे राहिलो. धाकट्याने पाचर ठोकली आणि म्हणाला, "झाली." थोरल्याने वाकून ती हलवून बघितली.

"विश्वास नाही ना अजून?" धाकट्याने हळूच विचारलं.

"क्षमा वेगळी, पाचर वेगळी. विश्वास येईल हळूहळू. ओढ."

वहिनी दारातून म्हणाली, "दोघं आधी जेवून घ्या, मग ओढा काय ओढायचं ते. आणि तू रे, नऊ वर्षं काय खात होतास? नुसती काडी झालायस."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये काय झालं ते मला वहिनीकडूनच कळलं. कुणी सांगितलं नसताना धाकटा सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्याने पाचरीचं खरं सांगून टाकलं. थोरल्याने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं आणि शेवटपर्यंत त्याचा हात सोडला नाही.

मित्रांनो, थोरल्याची बोटं काही परत आली नाहीत. थंडीत अजूनही तो हात ठणकतो आणि त्या दिवशी त्याला पुन्हा एकदा क्षमा करावी लागते. पण आता मला दर आठवड्याला तेल मिळतं आणि माझ्या दोन्ही मुठी उबदार असतात. तुम्हीही कुणावरचा राग असाच वर्षानुवर्षं टांगून ठेवला असेल, तर समोरचा येईल म्हणून वाट बघत बसू नका. मला चालवायला दोन माणसं लागतात हे खरं. खिळ्यावरून काढायला मात्र एकच पुरतो.