बाबांची विषयसूची

"भांडी – काचेची – पाण्याची," बाबा म्हणाले.

मी पेला त्यांच्या हातात दिला. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यांना वस्तूंची, माणसांची नावं आठवत नाहीत. विषय मात्र जागच्या जागी आहेत. जन्मभर ग्रंथालयात पुस्तकांना विषय लावले, ते डोक्यात पक्के बसलेत.

त्याच ग्रंथालयात आता मी संगणकापाशी बसते. पूर्वी जेवताना आमची हमखास जुंपायची. मी म्हणायची, "शब्द टाका, पुस्तक हजर! कशाला ती विषयांची उतरंड?"

बाबा घास हातात तसाच धरून ऐकवायचे, "'पाणी' टाकलंस की डोळ्यांतल्या पाण्याच्या प्रेमकथाही येतात. विहिरीवरचं पुस्तक मात्र राहतं, कारण त्याच्या नावात पाणी नाही! आमच्याकडे चुकीच्या विषयाखाली शोधलंस, तरी 'पाहा' लिहून योग्य विषयाकडे धाडलेलं असतं. कळलं का, ठमे?"

त्या 'ठमे'साठी आता जीव तुटतो. जगात मला तेवढा एकच शब्द हवाय.

"मी कोण, बाबा?" रोज विचारते.

"कुटुंब – मुली – धाकटी."

"अहो, धाकट्या मुली गावभर आहेत! मला काय हाक मारायचात? ठ... ठ..."

बाबांनी डोळे मिटून जोर लावला. "ठसे – बोटांचे?"

मला आधी हसू आलं आणि मग रडू.

परवा कामावरून यायला बराच उशीर झाला. बाबा जिन्यातच भेटले. कठडा धरून एकेक पायरी उतरत होते आणि त्यांना सांभाळणाऱ्या मावशी मागून विनवत होत्या.

"केव्हाचं घर घर चाललंय," मावशी म्हणाल्या. "घरातच आहात म्हटलं, तर ऐकायलाच तयार नाहीत."

"कुठे निघालात, बाबा?"

"घर."

"अहो, घर वर राहिलं!"

त्यांनी वैतागून मान हलवली. चुकीच्या खणात हात घालणाऱ्या वाचकाला पाहून हलवायचे, अगदी तशी. मग माझ्या खांद्यावर बोट टेकवलं आणि एकेक शब्द नीट लावत म्हणाले,

"घर. पाहा: मुली – धाकटी."

हात धरून त्यांना वर आणलं, खुर्चीत बसवलं आणि खाली बसून त्यांच्या चपला काढल्या. उजवी डाव्या पायात होती. 'ठमे' ते त्या दिवशीही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.