दोन थापा

"तीनशे घोडं काय लोणचं घालायला हायत का?" सोमलिंगनं चहाचा गलास फळीवर आपटला. "माजी गाडी एकशे दहा घोड्यांची. पर दहा टनाच्या गाडीत सोळा टन सिमिट भरून बोरघाट चढलोय म्या. फुडं तुज्यासारखाच एक शाणा अडकला हुता. त्याला साखळी लावली आन् वर न्हेऊन सोडला. इचार कुनालाबी!"

"कुनाला इचारू? तवाची मान्सं मेली की सगळी," भीमाशंकर म्हणाला, आणि टपरीवर हशा पिकला.

भीमाशंकर तिशीतला गडी, नव्या सोळा चाकी, तीनशे हॉर्सपावरच्या गाडीवरचा ड्रायव्हर. केबिनीत गारवा, स्टेरिंग एका बोटानं फिरतंय. त्याला सोमलिंगला डिवचायला लई आवडायचं. कुंभारीच्या फाट्यावर हा तमाशा रोजचाच होता. जुने चार-पाच ड्रायव्हर जमायचे, कुणाच्या तरी मोबाईलवर लांब नाकाडाच्या जुन्या गाड्यांची चित्रं निघायची, आणि मग कुठल्या गाडीचं इंजिन कसं वाजायचं, कुठली गाडी घाटात कशी रडायची, यावर उन्हं चढेस्तोवर भांडण चालायचं. सत्तरीचा सोमलिंग एका कानानं ठार बहिरा आणि दुसऱ्यानं अर्धा, त्यामुळं त्याचाच आवाज सगळ्यात मोठा.

बाकड्याच्या पार टोकाला कोंडीबा बसलेला. सोमलिंगच्या गाडीवर त्यानं चोवीस वर्षं क्लीनरकी केली. वय बासष्ट झालं, केस पिकले, सुना आल्या, पण या बाकड्यावर त्याची जागा टोकालाच.

"आन् ह्यो आमचा क्लीनर बघा," सोमलिंगनं मोर्चा वळवला. हसू आपल्यावरनं दुसऱ्यावर ढकलायचं त्याला बरोबर जमायचं. "दाव की रं हात! पंख्याचा पट्टा ताणत हुता. पट्टा ताणला, बानेटवर दोन थापा दिल्या, आन् हात इसरला की आतच! म्हस तरी शेपूट काढून घेती, ह्यानं बोट काढलं न्हाय."

सगळे हसले. कोंडीबाही हसला. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून नव्हतं, तो हात त्यानं सवयीनं मांडीखाली सारला.

आता खरं काय ते ऐका. ट्रकवर क्लीनरची भाषा हातानं चालते. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. इंजिनात हात असला की दोन थापा पडल्याशिवाय ड्रायव्हरनं सेल्फला, म्हणजे गाडी सुरू करायच्या बटणाला, हात लावायचा नाही, हे शेंबडं पोरगंही जाणतं. त्या दिवशी, तीस वर्षांमागं, होटगी रोडला भर दुपारी कोंडीबानं थाप मारलीच नव्हती. एकही नाही. सोमलिंगला माल खाली करायची घाई, त्यानं तसाच सेल्फ मारला. बोट पट्ट्याबरोबर गेलं. गाडीचा मालक धावत आला तेव्हा आधी सोमलिंगच बोलला, "यानं दोन थापा मारल्या, मालक. हात काढला न्हाय त्याला म्या काय करू?" कोंडीबा रस्त्यावर लोळत होता, त्याला कोण विचारतंय! मालकानं वर त्यालाच शिव्या घातल्या. पुढं दवाखाना झाला, हात बरा झाला, आणि कोंडीबा परत त्याच गाडीवर चढला. पोट होतं ना मागं. तेव्हापासून ही गोष्ट सोमलिंग सांगतोय आणि लोक हसतायत.

ती गाडी मालकाच्या मळ्यात विहिरीशेजारी चौदा वर्षं उभी होती. जुना मालक वारला. पोरगा प्रभु, त्याला तिथं गोठा बांधायचा होता. "ह्या आयतवारी गाडी हलली पायजे," त्यानं बजावलं, "न्हायतर गॅस कटरवाला बोलावलाच हाय."

सोमलिंगचा चेहरा पडला तो पडलाच. जेवणावरनं उठायचा आणि मळ्यात जाऊन बसायचा. बायको रुद्राणी वैतागून म्हणाली, "यप्पा, म्या मेल्यावर तरी एवढं तोंड करशील का रं?"

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. ऋतुराज नावाचा कुणी गृहस्थ. तो आणि त्याचे मित्र जुन्या गाड्या गोळा करून जपत. सोमलिंगला फोनवर ऐकू येत नाही म्हणून प्रभुनं नंबर दिला तो कोंडीबाचा.

"काका, नीट ऐका," ऋतुराज म्हणाला. "आमच्याकडे याच जातीची एक गाडी आहे. बॉडी नव्यासारखी, पण इंजिन फुटलंय. तुमच्या गाडीचं इंजिन चालू झालं, तर आम्ही फक्त इंजिन काढून नेऊ, बाकी तुमच्या मालकांनी भंगारात द्यावं. आणि इंजिन जाम असेल तरी हरकत नाही. मग अख्खी गाडी नेतो. रंग देऊन आमच्या फाटकासमोर उभी करू, वर ड्रायव्हरचं नाव घालू. मालकांना दोन्ही चालतंय. तुमच्या उस्तादांना सांगा."

"सांगतो की," कोंडीबा म्हणाला.

समोर सोमलिंग उभाच होता, कानामागं हात धरून. "काय म्हनला रं? काय म्हनला?"

कोंडीबानं फोन खिशात टाकला. त्याच्या ओठांवर सगळं आलं होतं. गाडी मेलेली असली तर जगंल, आणि जिवंत निघाली तर मरंल, एवढंच तर सांगायचं होतं. पण त्याच्या कानात सकाळचं ते हसू अजून वाजत होतं.

"इंजिन चालू हुतंय का बघनार म्हनला," कोंडीबा वरडून म्हणाला. "आयतवारी धा वाजता."

"हुतंय का?" सोमलिंगची छाती फुगली. "हुतंय का म्हंजे? एका सेल्फात उठंल! चल, पाने काढ."

झालं. दुसऱ्या दिवसापासून दोघं म्हातारे गाडीला भिडले. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी संसार मांडला होता, तो उपसला. नोझल काढून सिलिंडरात डिझेल आणि आयल ओतलं, रात्रभर भिजत ठेवलं. सकाळी पुढच्या पुलीला लांब पाना लावून दोघं लोंबकळले. इंजिन हलेना. पुन्हा आयल, पुन्हा लोंबकळणं. मार्गशीर्षातलं ऊन, तरी काळ्या रानातनं वाफ निघत होती आणि दोघांच्या बंड्या पिळून निघत होत्या. रुद्राणी भाकरी घेऊन आली आणि बघतच राहिली.

"माज्या गुडघ्याला एवढं त्याल कधी चोळलं न्हाईस," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुज्या गुडघ्यात एकशे दहा घोडे हायत का?" सोमलिंगनं विचारलं आणि स्वतःच खदखदून हसला.

तिसऱ्या दिवशी पुली टिचभर फिरली. सोमलिंगनं पाना टाकला, कोंडीबाच्या गळ्यात पडला आणि लहान लेकरागत रडायला लागला. "नोड्, कोंड्या, नोड्! बघ फिरली! जिती हाय रं माजी बाय." त्याच्या अंगाला डिझेलचा वास होता, त्याच जुन्या दिवसांचा. चोवीस वर्षं कोंडीबानंही हीच गाडी धुतली होती, तिच्याच टपावर झोपला होता. जाऊ दे, सांगून टाकू, असं त्याच्या मनात आलं.

"उस्ताद, एक सांगायचं हुतं," तो म्हणाला.

तेवढ्यात प्रभु बांधावर येऊन ओरडला, "जमतंय का दोघा म्हाताऱ्यांना?"

"दोघं कुटं?" सोमलिंग डोळे पुसत म्हणाला. "काम म्या करतोय. ह्यो नुस्ता पाना उचलून द्यायला. नऊ बोटांत आनिक काय हुनार त्याच्यानं?"

प्रभु हसला. कोंडीबानं खाली वाकून पाना उचलला आणि सोमलिंगच्या हातात दिला.

"काय सांगत हुतास?" सोमलिंगनं विचारलं.

"काय न्हाय. चौदाचा पाना गावंना, एवढंच."

आयतवारी निम्मं गाव मळ्यात जमलं. भीमाशंकर आपली गाडी रस्त्याला लावून आला होता. गॅस कटरवालाही नळकांडं घेऊन बांधावर बसला, प्रभुनं त्याला बोलावूनच ठेवलं होतं. ऋतुराज दोन मित्रांना आणि साखळी-कप्पीचा टेम्पो घेऊन आला. माणूस भला होता. त्यानं सोमलिंगच्या पाया पडून बानेटवरनं हात फिरवला.

"काका, हिचा आवाज मी लहानपणी ऐकलाय. आमच्या दारावरनं जायची अशी गाडी. अजून झोपेत ऐकू येतो."

"आज जागेपनी ऐक," सोमलिंग म्हणाला. त्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, कपाळाला विभूती होती. "चालू झाली न्हाय तर मिशा काढीन, समद्या गावाम्होरं."

"अहो, नाही झाली तरी चालेल काका, मी फोनवर म्हटलं ना..."

"काय म्हंतोय ह्यो?" सोमलिंगनं कान पुढं केला.

"म्हंतोय, लवकर चालू करा," कोंडीबानं सांगितलं.

सोमलिंग केबिनीत चढला. चौदा वर्षांनी त्या दाराची कडी वाजली. ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या होत्या. कोंडीबा बानेटखाली वाकला, डिझेलच्या नळीचा शेवटचा नट आवळायला. हातात चौदाचा पाना. हा नट अर्धा फेरा ढिला सोडला असता तर नळीनं हवा ओढली असती आणि इंजिन दिवसभर नुसतं खोकत बसलं असतं. मग मिशा गेल्या असत्या, गाव हसलं असतं, आणि गाडी अख्खीच्या अख्खी पुण्याला जाऊन उभी राहिली असती. कुणाला काही कळलं नसतं. सोमलिंगलासुद्धा नाही.

कोंडीबानं नट आवळला. चांगला दात खाऊन आवळला. मग हात बाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

सेल्फ कण्हला. एकदा, दोनदा. धुराचा काळा लोट वर गेला आणि इंजिन उठलं. काय उठलं! विहिरीवरची पारवळं उडाली, शेजारच्या तुरीतनं कुत्रं पळालं. जमीन पायाखाली थरथरत होती. भीमाशंकरनंही टोपी काढली. सोमलिंग वरनं ओरडत होता, "एकशे दहा! मोजून घ्या, एकशे दहा!" त्याला तो आवाज अर्धाच ऐकू येत होता, उरलेला स्टेरिंगवरच्या हातांना कळत होता. डोळ्यांतनं पाणी वाहून मिशीत उतरत होतं.

दहा मिनिटांनी ऋतुराजनं इंजिन बंद करायला लावलं. त्याच्या मित्रांनी बानेट उचकटलं आणि बोल्ट सोडायला सुरुवात केली. सोमलिंग खाली उतरून हसतच बघत होता. त्याला वाटलं, तपासतायत. मग साखळी लागली, कप्पी फिरली आणि इंजिन वर आलं.

"आरं, हे काय? हे काय करताय?" त्यानं ऋतुराजचा दंड धरला.

"इंजिन नेतोय काका. तुमच्यामुळं आमची गाडी उभी राहील बघा." ऋतुराज त्याच्या कानाशी मोठ्यानं बोलत होता. "बाकीचं भंगारात जाणार. इंजिन जाम असतं तर अख्खी नेली असती. कोंडीबाकाकांना सगळं सांगितलं होतं मी."

सोमलिंग कोंडीबाकडं वळला. टेम्पो गेला, गाव पांगलं, तरी तो तसाच बघत राहिला. कटरवाल्यानं जाळ पेटवला आणि पहिला घाव लांब नाकाडावर घातला. लोखंड वितळून काळ्या मातीत टपाटपा पडायला लागलं.

"म्हाईत हुतं तुला," शेवटी सोमलिंग म्हणाला.

"व्हय."

"आन् तरीबी थापा मारल्यास."

"दोन मारल्या," कोंडीबा त्याच्या चांगल्या कानाशी जाऊन म्हणाला. "आज मारल्या. होटगी रोडला एकबी मारली नव्हती, उस्ताद. तुमाला वाटत आसंल मारल्या म्हून. न्हाय मारल्या."

सोमलिंग बांधावर बसला. त्यानं मातीचं एक ढेकूळ उचलून कुस्करलं.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"तू थाप मारली नव्हतीस ते."

कोंडीबाला आपण नीट ऐकलं का तेच कळेना. "कवापास्नं?"

"त्याच दिवशीपास्नं."

तीस वर्षं. तीस वर्षं रोज सकाळी चहाबरोबर. कोंडीबानं बोट नसलेला हात त्याच्यापुढं धरला. "मंग? मंग का वं सांगितलं आसं? चारचौघात हसवलंत माज्यावर!"

"खरं सांगितलं आसतं तर मालकानं माजी गाडी काढून घेतली आसती." सोमलिंगनं मान वर केली. त्याच्या नजरेत लाज नव्हती. "तुजं काय, एक बोट गेलं. माजी गाडी गेली आसती, कोंड्या."

कटरवाल्यानं दरवाजा सोडवून मातीत ढकलला.

"आज गेली की," कोंडीबा म्हणाला.